शफीभाईंची फुंकर

शफीभाईंचा कॉम्प्युटर सुरू व्हायला बावीस मिनिटं लागत, आणि ही गोष्ट देवळाली कॅम्पच्या बाजारात कुणापासून लपलेली नव्हती. सकाळी दहाला शटर वर गेलं की शफीभाई आधी बटण दाबत. मग झाडू मारत, टेबल पुसत, अगरबत्ती लावत, समोरच्या मयूरच्या टपरीवर जाऊन चहा पीत, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि परत येत, तेव्हा कुठे पडदा उजळायला लागलेला असे. मयूर गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझं घड्याळ मागंपुढं होईल, पण शफीभाईंचं मशीन नाही. ते उघडलं म्हणजे दहा बावीस."

शफीभाई हसून सोडून देत. पण आतून त्यांना ते लागायचं.

दुकानाचं नाव 'रोशन आर्ट', बायकोच्या नावावरून ठेवलेलं. पाटीवर त्याखाली 'लग्नपत्रिका, वास्तुशांती, व्हिजिटिंग कार्ड, दशक्रिया' असा संसाराचा बहुतेक पसारा एका ओळीत बसवलेला होता. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरांत: 'एकही नाव सुटणार नाही.'

ही शेवटची ओळ म्हणजे शफीभाईंची खरी कमाई. आसपासच्या गावांतली लग्नपत्रिका हे काही लहानसहान काम नसतं. नवरा-नवरीची नावं तिथे निमित्तापुरती. खरी पत्रिका त्याखाली सुरू होते. आशीर्वाद कुणाचे, निमंत्रक कोण, स्वागतोत्सुक कोण, व्यवस्थापक कोण, मामा किती, आत्या किती, आणि तळाला 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरंटोरं. दीडशे नावं सहज भरतात. त्यातलं एखादं दोन ओळी खाली गेलं तर माणूस मांडवात येऊन न जेवता जातो. आणि सुटलंच, तर दोन पिढ्या एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाहीत.

शफीभाई छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यापासून या धंद्यात होते. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक नाव सुटलं नव्हतं. कोणत्या घराचं कुलदैवत कोणतं, कुठला चुलता सावत्र आहे पण तसं लिहायचं नाही, हे सगळं त्यांना पाठ. नवं गिऱ्हाईक आलं, की ते त्याला लाकडी बाकावर बसवत, मशीन चालू करत आणि ते उघडेपर्यंत तीन प्रश्न विचारत.

"कोण वारलं? कोण रुसलं? कोण नवं आलं?"

वारलेल्याच्या नावाआधी 'कै.' लागायचं. नव्या सुनांची, नातवंडांची भर पडायची. आणि रुसलेल्याच्या नावाशी आलं की बाकावर खरी चर्चा सुरू व्हायची. "तो आमच्याकडं येत नाय, कशाला लिहायचं?" असं म्हणत आलेला माणूस दुसऱ्या चहापर्यंत "लिहा बुवा, भाऊ तो भाऊच" इथवर यायचा. शफीभाई मध्ये फारसं बोलत नसत. मशीनकडे बघत बसत. त्यांना वाटायचं, गिऱ्हाईक मशीनच्या नावानं बोटं मोडतंय, म्हणून आपण ओशाळून बसलोय.

गेल्या हंगामात मात्र पाणी डोक्यावरून गेलं. वंजारवाडीचा एक पोरगा बहिणीच्या पत्रिकेसाठी आला, बाकावर बसला आणि नवव्या मिनिटाला उठला. "काका, तुमचं चालू द्या," म्हणाला, आणि टपरीवर उभ्या उभ्या मोबाइलवर पत्रिका करून मोकळा झाला. वर नाचणारा गणपतीही होता त्यात. शफीभाईंनी तो गणपती आपल्या डोळ्यांनी पाहिला. त्या हंगामात पत्रिका निम्म्यावर आल्या. तुळशीच्या लग्नानंतरचा पुढचा हंगामही असाच गेला, तर शटर खाली ओढून घरी बसायचं, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवलं होतं खरं, पण विचार आला की त्यांना रात्रीचं जेवण जात नसे.

त्यांची मुलगी अफिफा अंबडला एका कारखान्याच्या डिझाइन विभागात कामाला होती. घरात उर्दू, दुकानात मराठी आणि कारखान्यात इंग्रजी अशा तिच्या तीन तऱ्हा. श्रावणातल्या एका रविवारी ती दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, "अब्बा, नवीन ऑपरेटिंग सिस्टिम येतेय. फुंकर नाव आहे. अगदी हलकी. जुन्या मशीनवरसुद्धा आठ सेकंदांत उघडते."

"आठ मिनिटांत?"

"सेकंदांत."

शफीभाईंनी चष्मा काढला. "एवढ्यात ती काय काय उघडणार? या मशीनला सकाळी नुसतं जागं व्हायलाच दहा मिनिटं लागतात."

"ती मशीनमध्ये काही ठेवतच नाही ना. तुमचं काम, तुमच्या पत्रिका, सगळं इंटरनेटवर. मशीन म्हणजे नुसती खिडकी. उघडायची आणि बघायचं."

"म्हणजे आपलं सामान दुसऱ्याच्या माळ्यावर," शफीभाई म्हणाले. "आणि त्यानं किल्ली हरवली तर?"

पण आठ सेकंद हा आकडा त्यांच्या कानात शिरला तो शिरलाच. दुपारी नमाजाहून येताना त्यांनी आठ आकडे मोजून पाहिले. मशिदीच्या पायरीपासून चपला घालेपर्यंतसुद्धा जास्त वेळ लागत होता.

संध्याकाळपर्यंत त्यांनीच अफिफाला फोन केला. "ती तुझी फुंकर कुठे मिळते?"

ती अजून कुठेच मिळत नव्हती. बंगळूरच्या कुठल्याशा छोट्या कंपनीनं ती बनवली होती आणि टप्प्याटप्प्यानं लोकांना देणार होते. त्यासाठी आधी नाव नोंदवायचं. मग आपली पाळी आली की निमंत्रण येणार.

"निमंत्रण?" शफीभाई म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांची निमंत्रणं जुळवलेल्या माणसाला हा शब्द एकदम घरचा वाटला. "मग नोंदव. नाव पूर्ण लिही. शफी, पुढे वडिलांचं, पुढे आडनाव."

अफिफानं मोबाइलवर नाव नोंदवलं. पडद्यावर उत्तर आलं: तुमचा क्रमांक ४१,३०६.

"एवढ्या पंगती उठायच्या कधी!" शफीभाई म्हणाले. पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा सकाळचा क्रम बदलला. बटण दाबायचं, झाडू मारायचा आणि चहा पिता पिता पेपराऐवजी मोबाइलवर आपला क्रमांक बघायचा. ४०,९००. ४०,२५०. क्रमांक शंभरानं उतरला की मयूरला बिस्किटाचा पुडा सांगायचे. एका सकाळी तो उतरायच्या ऐवजी साडेपाचशेनं चढला. शफीभाईंचा चहा तसाच राहिला.

"असं कसं? मागचे लोक पुढे गेले कसे?"

अफिफानं फोनवर समजावलं. आपल्या ओळखीतून जो माणूस नवीन नाव नोंदवतो, त्याच्यामुळे आपण यादीत पुढे सरकतो.

"म्हणजे वशिला," शफीभाई म्हणाले. त्यांना उलट बरं वाटलं. ही व्यवस्था त्यांच्या ओळखीची होती.

मग त्यांनी बाजारच हाताशी धरला. मयूरचं नाव नोंदवलं. शेजारच्या टेलरचं नोंदवलं. तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब व्हिजिटिंग कार्ड करायला आले होते, त्यांचं नोंदवलं. साहेबांकडे कॉम्प्युटर नव्हता, पण "ठीक है, शफीभाई, नाम जा रहा है तो जाने दो," म्हणाले. गणपतीपर्यंत देवळाली कॅम्पात फुंकरची वाट बघणारे सदतीस लोक झाले, आणि त्यातल्या निम्म्यांना ती खायची वस्तू आहे की लावायची, हे माहीत नव्हतं. येताजाता जो तो विचारी, "काय शफीभाई, सुटली का फुंकर?" शफीभाई बोटानं आभाळाकडे दाखवत. रोशनबी तर म्हणाली, "आपल्या निकाहाची तारीख ठरली तेव्हा एवढे उतावीळ नव्हतात."

"तेव्हा तुझ्या अब्बांनी क्रमांक सांगितला नव्हता," शफीभाई म्हणाले.

दसऱ्यापर्यंत क्रमांक सहा हजारांवर आला. दिवाळीच्या तोंडावर आठशेवर. आणि मग एका सकाळी त्यांनी मोबाइल उघडला तर क्रमांकच नव्हता. त्या जागी एक ओळ होती: 'या नावाची नोंद प्रतीक्षायादीत नाही.'

शफीभाईंनी मोबाइल बंद करून पुन्हा उघडला. चष्मा पुसला. पुन्हा तेच.

त्या दिवशी त्यांनी कामाला हात लावला नाही. मशीन दहा बावीसला उघडलं आणि तसंच राहिलं. तीन महिने रोज बघितलेली यादी, त्यात आपलं नाव नाही. कुणी काढलं? का काढलं? आपण काही चुकीचं लिहिलं होतं का? मयूरचं नाव होतं, तो सातशेवर होता. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्या सुभेदारसाहेबांचं होतं. फक्त आपलंच नव्हतं. हसण्यासारखी गोष्ट, पण छपन्न वर्षांच्या त्या माणसाला सगळ्या बाजारासमोर पंगतीतून उठवल्यासारखं वाटत होतं. कुणाला सांगायचीही लाज. दुपारी डबा उघडला आणि तसाच मिटला. संध्याकाळी अफिफा कारखान्यातून परस्पर दुकानात आली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझं नाव सुटलं, बेटा."

अफिफानं मोबाइल घेतला, इकडे-तिकडे बोटं फिरवली आणि हसायलाच लागली. निमंत्रण आदल्या रात्रीच आलं होतं. नको असलेल्या मेलांचा जो कप्पा असतो, त्यात लॉटरी आणि टकलावरच्या तेलाच्या मध्ये जाऊन पडलं होतं. निमंत्रण गेलं म्हणून नाव यादीतून निघालं होतं.

शफीभाईही हसले, पण जरा उशिरानं.

पुढच्या रविवारी अफिफानं त्याच जुन्या मशीनवर फुंकर बसवली. जुनी डिस्क तिनं काढून ठेवली. तिच्यात पंधरा वर्षांच्या पत्रिका होत्या, घराघराच्या, गावागावाच्या. "या सावकाश वर चढवू," ती म्हणाली. शफीभाईंनी डिस्क रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली आणि बटण दाबलं. मयूर टपरी सोडून आला होता. त्यानं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. "एक, दोन, तीन..." सातला पडदा उघडला.

त्या दिवशी शफीभाईंनी मशीन एकोणीस वेळा बंद करून चालू केलं. जो येईल त्याला दाखवायचं. बँकेतल्या बाईंना दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, दाखवायला कुणी उरलं नाही तेव्हा स्वतःला दाखवलं. चहा सांगावा तर कप येण्याआधी मशीन तयार.

तुळशीचं लग्न लागलं आणि हंगाम सुरू झाला. तिसऱ्याच दिवशी नानेगावचा वाळू आला. फुलं आणि भाजीपाला करणारा, नेटका माणूस. मोटारसायकलला कोथिंबिरीची रिकामी पोती अडकवलेली. त्याच्या घरातल्या सगळ्या पत्रिका शफीभाईंनीच केलेल्या. मुलगी तेजस्विनीचं लग्न ठरलं होतं. महिनाही हातात नव्हता.

"शफीभाय, लय घाई हाय. मांडववाल्याकडं जायचंय," वाळू दारातूनच म्हणाला.

"घाई असेल तर आपण तयार आहोत," शफीभाई म्हणाले. ही घडी त्यांनी तीन महिने मनात रंगवली होती. त्यांनी बटण दाबलं, आणि वाळू बाकावर टेकायच्या आत पडदा उघडला.

"आयला!" वाळू म्हणाला. "मंग बसायचं कामच नाय. यादी मोबाइलवर धाडतो."

त्यानं उभ्या उभ्या यादी पाठवली आणि निघालासुद्धा. शफीभाईंनी पाऊण तासात पत्रिका जुळवली, वाळूला मोबाइलवर दाखवली, त्याचं "ठीक हाय" आलं आणि संध्याकाळी पत्रिका छपाईला अंबडच्या प्रेसमध्ये गेली. असं चपळ काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. फक्त रात्री अंथरुणावर पडल्यावर, घरातून निघताना काहीतरी विसरल्यासारखं त्यांना वाटत राहिलं. काय ते आठवलं नाही. झोप मात्र छान लागली.

आठवड्यानं, दुपारच्या वेळी, एक साठीची बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, बसमधून उतरून चालत आल्यामुळे दमलेली. तिनं आधी पाटी वाचली. अगदी खालपर्यंत. मग आत आली आणि पिशवीतून पत्रिका काढून टेबलावर ठेवली. तेजस्विनीची पत्रिका.

"ही तुम्हीच केली ना?"

"हो. बसा ना, आक्का."

ती बसली नाही. "मी सरुबाई. वाळूची थोरली बहीण. एकलहऱ्याला राहते, हे पॉवर हाऊसात होते. ही पत्रिका मला आलेली नाय. शेजारणीला आली, तिचं माहेर नानेगावचं. तिनं वाचायला दिली." पत्रिकेवर तिनं बोट ठेवलं. "माझं शिक्षण चौथी. पण तीनदा वाचली. आत्यांमध्ये चुलत आत्या हाय, मानलेली आत्या हाय. मी नाय." मग तिनं शफीभाईंकडे सरळ पाहिलं. "भाऊ, तुम्हाला एकच इचारते. माझं नाव सुटलं, का काढलं?"

शफीभाईंना तेव्हा आठवलं, त्या रात्री काय विसरलं होतं ते. तीन प्रश्न. वाळूला बाकावर बसवलंच नव्हतं, तर विचारणार कधी?

आणि वाळूची यादी त्यांच्या मोबाइलमध्ये होती. त्यांनी ती उघडून पाहिली. वरपासून खालपर्यंत, दोनदा. सरुबाईचं नाव त्यात नव्हतं. बहीणभावाचं सहा वर्षांपूर्वी बिनसल्याचं त्यांनी कधीतरी ऐकलं होतं. बाप गेल्यावर वाळूनं जमिनीचं हक्कसोडपत्र पुढे केलं आणि सरुबाई "विचार करून सांगते" म्हणाली. पंधरा दिवसांनी तिनं सही करून दिली. पण ते पंधरा दिवस वाळूच्या मनातून गेले नाहीत.

म्हणजे चूक शफीभाईंची नव्हतीच. पुरावा हातात होता. मोबाइल फिरवून बाईंसमोर धरला असता तर तीस वर्षांचं नाव शाबूत, पाटीवरची लाल ओळ शाबूत. खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्यांना सुटल्यासारखंच वाटलं. मग त्यांनी सरुबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती, आणि दोन उत्तरांपैकी कुठलं यावं अशी तिची इच्छा आहे हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. एक दिवस, फक्त एक दिवस, शफीभाई स्वतः असेच बसले होते. तेही कुणा परक्याच्या यादीसाठी. हिची तर सख्ख्या भावाची यादी होती.

त्यांनी मोबाइल उलटा ठेवला.

"सुटलं," ते म्हणाले. "माझ्याकडून सुटलं, आक्का."

सरुबाईनं टेबलावरची पत्रिका उचलली.

"वाळूनं दिलं होतं. पहिलंच होतं तुमचं नाव. हे बघा ना, हे मशीन नवीन घेतलंय. आठ सेकंदांत उघडतं. सगळं हवेतलं काम. त्या घाईत वरची ओळच उडाली. मी तपासायला पाहिजे होतं, नाही तपासलं. पत्रिका पुन्हा छापून देतो."

आता सरुबाई बाकावर बसली. पदरानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, आणि एकदम तिचा आवाज मोकळा झाला. "आन् मी तीन रात्री झोपले नाय! ह्यांना म्हणले, वाळू असा नाय करायचा. रागवंल, पण असा नाय करायचा." मग ती कॉम्प्युटरकडे वळली आणि त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "मेलं एवढं काय पळायचं म्हणते मी! माणसाचं नाव घ्यायला तरी थांबावं!"

शफीभाईंनी मान खाली घातली. पण पुढे जे झालं ते त्यांच्या हिशेबात नव्हतं. सरुबाईनं पिशवीतून मोबाइल काढला. "वाळूला सांगते. न्हायतर तो तुमच्यावर उखडंल. त्याचा राग वाईट."

"आक्का, राहू द्या, मी सांगतो..."

पण तिकडे घंटी गेली होती. एका शब्दानं सगळं उघडं पडणार होतं.

"वाळू? मी आक्का बोलते." तिनं पत्रिका पिशवीत टाकली. "ऐक, शफीभाऊंच्या दुकानात हाय मी. त्यांना बोलू नको काय. तू माझं नाव पहिलं दिलं व्हतं, त्यांच्या मशीनमधून उडालं. कबूल केलं त्यांनी. माणसाकडून चूक होते. ऐकतो ना?" बराच वेळ ती मोबाइल कानाशी धरून राहिली. शफीभाई समोरच्या रस्त्याकडे बघत होते. मग तिचा आवाज खाली आला. "हां. हां, वाळू. बरी हाय. तू कसा हाय? ... येते ना. अरे, हळदीला आत्या नको का? येते."

मोबाइल पिशवीत ठेवून ती उठली. "म्हणला, बोलत नाय त्यांना," तिनं सांगितलं, आणि मयूरनं आणलेला चहा न घेताच बसस्टॉपकडे चालू लागली.

मयूरनं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत ते बाजारभर झालं. शफीभाईंच्या फुंकरीनं नाव उडवलं! टेलर म्हणाला, जरा जपून, दुकान उडेल. सुभेदारसाहेब म्हणाले, हमारा नाम कटवा दो. शफीभाई सगळ्यांना हो म्हणत राहिले. तीस वर्षांचं नाव गेलं याचं वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, आणि ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

अफिफा आली ती तणतणत, आणि आधी त्यांचा मोबाइल उघडून बसली. "अब्बा, ओळ अशी उडत नसते. आणि वाळूकाकांची यादी मी आत्ता पाहिली. त्यात आत्याचं नाव नव्हतंच. फुंकरची कशाला बदनामी केली?"

"तिला कुठे नाक आहे कापलं जायला?" शफीभाई म्हणाले. "मला होतं, ते मी दिलं. तू कुणाला बोलू नकोस."

अफिफानं मान डोलावली. मग जुन्या पत्रिका वर चढवायच्या म्हणून कपाटातून रुमालात गुंडाळलेली डिस्क काढून तिनं आपल्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शटर वर गेलं तेव्हा वाळू पायरीवरच बसलेला होता. कोथिंबिरीची पोती आज भरलेली होती, म्हणजे मार्केटला न जाता इकडेच आला होता. शफीभाईंनी त्याला बाकावर बसवलं. मशीनचं बटण दाबलं नाही. मयूरला दोन चहा सांगितले.

चहा आला. लांब डोंगराकडे तोफांचा सराव सुरू झाला होता, काच हादरत होती.

"शफीभाय," वाळू म्हणाला, "म्या दिलं व्हतं का नाव?"

"दिलं होतं," शफीभाई म्हणाले. "माझ्याकडून सुटलं."

वाळूनं बशीत चहा ओतला. प्यायला नाही. "इथं यायच्या आधी आठवडाभर मी घाबरत व्हतो. म्हणलं, शफीभाय बाकावर बसवणार आन् इचारणार. तुमच्याफुडं खोटं कसं बोलू? आन् आलो तं तुमचं मशीन तयार! मला बरंच वाटलं." त्यानं बशी खाली ठेवली. "काल आक्काचा आवाज आयकला. सहा वर्सांनी."

शफीभाईंनी कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. तीस वर्षांत हजारदा विचारलेले प्रश्न त्यांनी पुन्हा सुरू केले.

"कोण वारलं?"

"कुणी नाय. देवाची किरपा."

"कोण रुसलं?"

शफीभाई थांबले. बशीतला चहा निवला, बाहेर एक बस येऊन गेली, तरी ते थांबले.

"मी," वाळू म्हणाला.

शफीभाईंनी ते लिहिलं नाही. तिसरा प्रश्न विचारला. "कोण नवं आलं?"

"सरुआक्का," वाळू म्हणाला. "पहिलं लिहा."